टाकीवरचा ध्रुव

मामा, काल तुझ्या बाराव्याला लोकांनी तुझ्याबद्दल इतकं गोडगोड बोलून घेतलं, की मला वाटलं आपण चुकून भलत्याच माणसाच्या बाराव्याला येऊन बसलोय. शांत स्वभाव म्हणे. कधी कुणाला दुखावलं नाही म्हणे. अरे, तुझ्या त्या शांत स्वभावाचा प्रसाद मी पाठीवर तीनदा खाल्लाय, त्यातला एक तर कॅरमच्या सोंगटीपायी! पण मी काही बोलले नाही. मग कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "चाळीतल्या पोरांना आकाश दाखवलं त्यांनी." तेवढं एक वाक्य खरं होतं. ते ऐकल्यावर मी उठले, मोरीत गेले, नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली माझ्याकडून. थोडीथोडकी नाही, पन्नासच्या वर वर्षं राहिली. दर दिवाळीला तुझ्याकडे यायचे, आज सांगू म्हणायचे, आणि फराळ करून, तुझ्याशी वाद घालून परत जायचे. आता तू ऐकणार नाहीस, म्हणून धीर आलाय. अशी मी शूर.

तू आमच्याकडे राहायला आलास तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन. लालबागची आपली चाळ, तिसरा मजला, दहा बाय बाराची खोली. माझी आई तुझी मोठी बहीण, तू तिला अक्का म्हणायचास. बाबा चाळीच्या मागच्याच गिरणीत, कायम दुसऱ्या पाळीला. तू काळाचौकीकडच्या दुसऱ्या गिरणीत मागावर, पहिल्या पाळीला. दिवसभर मागांचा खडखडाट ऐकून तुझे कान असे बसायचे, की संध्याकाळी साधं "मीठ दे" म्हणायचं तरी तू ओरडून म्हणायचास. चहा झाला की चटई काखोटीला मारून तू गच्चीवर, आणि तुझ्यामागे आम्ही दहा-बारा पोरं. मोठ्यांपैकी कुणी फिरकायचं नाही. शेजारचे परबकाका तर म्हणायचे, "वसंता, तारे मोजून पगार वाढतो काय रे?"

गिरण्यांच्या धुरातून आम्हाला आकाश दिसायचं ते तुकड्यातुकड्यानं. पण जे दिसायचं ते तू सोडायचा नाहीस. गावाहून सहाव्या वर्षी आलेला तू, आजोबांनी खळ्यात झोपून दाखवलेलं तुला आठवत होतं. ते तीन तारे एका ओळीत, तिकांडे. ती म्हातारीची बाज, चार तारे म्हणजे चार पाय, आणि मागचे तीन म्हणजे बाज पळवायला आलेले चोर. पुस्तकात त्यांना सप्तर्षी म्हणतात, हेही तू सांगायचास, पण चोर म्हटल्यावर आम्ही जास्त लक्ष द्यायचो. "म्हातारी खंय गेली मग?" असं विचारलं तर म्हणायचास, "बाजारात. मासळी घेऊन येईल आत्ता."

एकदा तू म्हणालास, "सुमे, हा तारा बघतेस ना, ह्याचा उजेड निघाला तेव्हा तू नव्हतीस." मी म्हटलं, "आईच्या पोटात होते?" "पोटात पण नव्हतीस." "मग आई होती?" "अक्का पण नव्हती. मी नव्हतो, ही चाळ नव्हती, गिरणी नव्हती. तेव्हा तो निघाला, चालत राहिला, आणि आत्ता तुझ्या डोळ्यात शिरला." मामा, मी डोळे गच्च मिटून घेतले होते, आठवतं? वाटलं, एवढ्या लांबून आलेलं काहीतरी आत शिरलंय, ते सांडायला नको. खाली येऊन आईला विचारलं, "आपण कुणीच नव्हतो तेव्हा काय होतं गं?" आई भाकरी थापत होती. म्हणाली, "काळोख होता. जेव आणि झोप." मला काय झोप लागतेय! एवढासा जीव माझा, आणि छातीत मावेना असं काहीतरी झालं होतं. पुढे आयुष्यात देवळं पाहिली, समुद्र पाहिला, हिमालयसुद्धा पाहून आले, पण तसं पुन्हा झालं नाही. ते मला तू दिलंस, आणि त्याबद्दल तुझी मी जन्माची ऋणी आहे. हे तरी तोंडावर सांगायला काय हरकत होती मला? पण आपल्या घरात असलं बोलायची पद्धतच नव्हती.

आता ध्रुवाकडे येते.

गच्चीच्या उत्तरेला बाबांच्या गिरणीची चिमणी. तिच्या बाजूला, धुराच्या पलीकडे, एक पिवळसर ठिपका रोज दिसायचा. तू आम्हाला सांगितलंस, हा ध्रुव. सावत्र आईनं बापाच्या मांडीवरनं उठवलेल्या पोराची गोष्ट तू त्याच्याकडे बोट करून सांगायचास. मी विचारलं, हा लुकलुकत कसा नाही? तू म्हणालास, "तो अढळ आहे, बाकीच्यांसारखी मिचमिच नाही करत." आणि नुसतं सांगून थांबला नाहीस. कपडे वाळत घालायच्या काठीचं टोक धरून एक डोळा मिटायला लावलास, तासाभरानं पुन्हा बघायला लावलंस. सगळे तारे सरकले, हा जागचा हलला नाही. "सिद्ध झालं!" असं तू मांडीवर थाप मारून ओरडलास. आम्ही पोरं शाळेत छाती काढून सांगायचो, आमच्या गच्चीवरनं ध्रुव दिसतो.

तुला खरा ध्रुव कुणी दाखवलाच नव्हता, हे पुढे कळलं. गावच्या घराच्या उत्तरेला डोंगर होता. मुंबईत आलास तर डोंगराच्या जागी गिरणी.

मी अकरा वर्षांची झाले, आणि एका संध्याकाळी तुझ्यामागून जिना चढताना आईनं मला हाक मारली. "खंय चललंस गो? चेडवांनी काळोखात वर जावचा नाय आता. मोठी झालंस." मी जिन्यातच थांबले. तू दोन पायऱ्या वर होतास, काखेत चटई. तू आईकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस. मला खात्री होती, तू म्हणशील, असू दे गं अक्का, मी आहे ना. तू काही बोलला नाहीस. वर निघून गेलास. आणि मजा बघ, त्याच आईनं दुसऱ्या दिवशी बाबांचा डबा माझ्या हातात दिला, कारण एरवी डबा नेणारा माझा भाऊ तापानं फणफणला होता. गिरणीच्या दारावर, दिवेलागणीला, शेकडो बाप्यांच्या गर्दीतून डबा घेऊन जायला मी मोठी नव्हते. गच्चीवर जायला तेवढी मोठी झाले होते!

पुढे भावाचा ताप उतरला, पण डबा माझ्याच गळ्यात पडला. रोज संध्याकाळी मी डबा घेऊन जाताना वर बघायचे, तर गच्चीच्या कठड्यावर तुमची डोकी दिसायची. मला असा संताप यायचा, की काय सांगू. मांडीवरनं उठवलेल्या पोराची गोष्ट रंगवून सांगणारा तू, आणि मला जिन्यातनं उठवली तेव्हा तुझ्या तोंडाला कुलूप.

आता ते सांगते, जे कधी सांगितलं नाही. थंडीचे दिवस होते. डबा देऊन मी गिरणीच्या दाराशी रिकाम्या डब्याची वाट बघत उभी होते. आत अंगणात पाण्याची टाकी, चार लोखंडी खांबांवर उंच. टाकीच्या डोक्यावर एक काठी, काठीवर बत्ती. त्या दिवशी बत्ती विझलेली होती. गिरणीत उंचावरची कामं करणारा एक खलाशी शिडीवरून चढत चढत वर गेला, खिशातून दिवा काढला, जुना काढून नवा बसवला, काच धोतराच्या सोग्यानं पुसली आणि खाली कुणालातरी ओरडला, "लाव रे!" लागला. पिवळा. मी मागे वळून बघितलं, तर टाकीच्या बरोबर समोर आपली गच्ची. मामा, मी ध्रुवावर माणूस चढलेला बघितला. ध्रुवाचा दिवा बदलताना बघितला!

मला हसू आलं, आणि लगेच रडूही आलं. पहिला विचार आला तो धावत जाऊन तुला सांगायचा. जिना दोन दोन पायऱ्यांनी चढून आले, तिसऱ्या मजल्यावर दम खायला थांबले, वरनं तुझा आवाज आला. "बघा रे पोरांनो, तो बघा ध्रुव. काल नव्हता, मळभ होतं." पोरांच्या घोळक्यात मीच तेवढी नव्हते. मी घरात गेले, डबा मोरीत ठेवला आणि गप्प बसले. म्हटलं, बसा आता बत्तीची पूजा करत. हा माझा मनातला विषारी विचार, अकरा वर्षांच्या पोरीचा. तीन-चार आठवडे मी तो जपला.

मग ते दिवस आले. संयुक्त महाराष्ट्राचं वारं तर केव्हाचं घुमत होतं. तू कामावरून येऊन रात्री पोस्टरं चिकटवायला जायचास, तुझ्या बोटांना सतत खळीचा वास. मुंबई आपल्याला देणार नाहीत अशी बातमी आली आणि सगळा गिरणगाव पेटला. गिरण्या बंद, दुकानं बंद, हिंदमाताकडनं आलेला माणूस सांगायचा तिकडे दगड, परळकडनं आलेला सांगायचा तिकडे गोळी. संचारबंदी लागली. रस्त्यावरचे दिवे फुटले होते, आणि चाळीच्या कमिटीनं सांगितलं, खोल्यांतलेही मालवा, उजेड दिसला की पोलीस वर येतात. दोन दिवस आम्ही पोरं खोलीत कोंडलेली. खाली बुटांचा आवाज आला की बायका पोरांची तोंडं दाबायच्या. दुसऱ्या मजल्यावरच्या एकीचा मुलगा परत आला नव्हता, ती दोन दिवस दारातच बसून होती. तिच्या शेजारी बसायचीसुद्धा आम्हाला भीती वाटायची.

दुसऱ्या रात्री, साडेआठच्या सुमाराला, तू उठलास आणि अंधारात मजल्यामजल्यावर जाऊन सांगितलंस, "वर चला. सगळे चला. आवाज करू नका, पण चला. पोरांना घेऊन चला." का कोण जाणे, लोक निघाले. खोलीत घुसमटले होते म्हणून असेल. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, एरवी गच्चीकडे न फिरकणारे परबकाका, आणि हरताळामुळे घरी असलेले माझे बाबा. आई मला म्हणाली, "तू खोली सांभाळ." मी सांभाळली नाही. मी गच्चीच्या दाराआड, शेवटच्या पायरीवर जाऊन बसले.

मामा, ते आकाश! दोन दिवस एकाही चिमणीतनं धूर निघाला नव्हता. खाली एक दिवा नाही. आणि वर, अरे देवा, वर काय ते! मी दाराच्या फटीतनं बघत राहिले. आम्ही एवढे दिवस जे बघत होतो ते काहीच नव्हतं. तिकांडे म्हणजे तीन तारे, असं आम्ही घोकलं होतं. त्याच्या आजूबाजूला इतके, इतके तारे होते, की आपले ते तीन ओळखायला वेळ लागला. शंभरेक माणसं गच्चीवर माना वर करून उभी होती. जिचा मुलगा आला नव्हता, तिलासुद्धा कुणीतरी धरून आणली होती, तीही वर बघत होती. तळमजल्यावरची आजी हळूच म्हणाली, "हे रोज असतां?" तू म्हणालास, "रोज असतं, आजी. आपल्याला दिसत नाही एवढंच."

आणि मग तुला भाषणाची लहर आली. पोस्टरं चिकटवून चिकटवून तुझ्या जिभेवरही तेच चढलं होतं. "पोरांनो, घाबरू नका. सगळं फिरतंय, सगळं हलतंय, पण एक हलत नाही. आपली मागणी तशी आहे. मुंबई आपली आहे आणि राहणार, त्या ध्रुवासारखी." असं म्हणून तू उत्तरेला हात केलास.

तिथे काही नव्हतं.

मी दाराआडून बघत होते. तुझा हात तसाच वर. पोरांनी आधी ओरडायला सुरुवात केली, "मामा, ध्रुव नाही! ध्रुव गेला!" त्या दिवसांत, तसल्या रात्री, तू आत्ताच मुंबईची शपथ घातलेली, आणि ध्रुव विझलेला. आजीनं छातीवर हात मारला. "अपशकुन गो बाये!" बायकांत कुजबुज, एक पोर रडायला लागलं. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, की मी काय करून बसले आहे. तुला खाली पाडायचं होतं मला, ह्या बायाबापड्यांना नाही. मला उठून ओरडायचं होतं, अहो घाबरू नका, दिवा आहे तो. पण मी दाराआडच बसून राहिले.

तेवढ्यात बाबा पुढे आले. "कुठला ध्रुव रे, वसंता? ती आमच्या टाकीवरची बत्ती. पॉवर हाऊस बंद आहे ना, लागणार कशी?"

मग परबकाका म्हणाले, "म्हणजे? अरे, माझ्या लेकीच्या लग्नात भटजींना ध्रुव म्हणून हाच दाखवलास ना तू? नवरा-नवरीनं हात जोडले रे त्याला!" आणि कुणीतरी फुसकन हसलं. मग दुसरं. मग सगळी गच्ची. संचारबंदी आहे, आवाज करायचा नाही, म्हणून तोंडात पदर कोंबून, एकमेकांच्या खांद्यावर डोकी टेकून लोक हसत होते. दोन दिवसांचं सगळं त्यातून निघालं. परबकाका खाली बसले आणि पोट धरून म्हणाले, "तरी म्हटलं, जावई पिवळा का पडलाय!"

तू मध्ये उभा. तुझा चेहरा दिसत नव्हता, हे माझं नशीब. सव्वीस वर्षांचा होतास तू. मला वाटलं, आता हा जिना उतरेल आणि पुन्हा कधी वर येणार नाही. हेच तर हवं होतं ना मला. तेव्हा मात्र मी मनातल्या मनात हात जोडत होते, नको, जाऊ नकोस.

तू म्हणालास, "चुकलो." ओरडून नाही, अगदी साध्या आवाजात. मग पोरांना जवळ बोलावलंस आणि एकेकाचं नाव घेऊन सांगितलंस, "तुला चुकीचं शिकवलं. तुलाही चुकीचं शिकवलं." आमच्या चाळीत मोठा माणूस पोरांसमोर असं म्हणतो, हे कुणी बघितलेलं नव्हतं. बाप चुकला तर पोराला अजून एक थोबाडीत, ही आमच्याकडची रीत. हसणं आपोआप थांबलं. तू म्हणालास, "खरा कुठला, ते मला आत्ता माहीत नाही. पण इथेच कुठेतरी असणार. शोधू या." मग म्हणालास, "सुमा कुठाय?"

आई म्हणाली, "ती खाली."

"तिला वर पाठव, अक्का. ह्या सगळ्यांत तिची नजर चांगली आहे." आई काहीतरी बोलायला गेली. तू म्हणालास, "अक्का, पोरगी वर येणार." चाळीसमोर, आईला, तू असं पहिल्यांदाच बोललास. मी दाराआडून उठले. तुझ्यापर्यंत पंधरा पावलं असतील, पण मला तुझ्याजवळ यायला फार वेळ लागला.

बाज नुकतीच वर येत होती, ईशान्येला, गोदामाच्या छपरावर, कलंडलेली. तू वाचलेलं तुला आठवत होतं, धुरामुळे कधी करून बघायला मिळालं नव्हतं, की पुढच्या दोन पायांवरून रेघ ओढायची, त्या दोघांत जेवढं अंतर आहे त्याच्या पाचपट जायचं. तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास. "मोज." मी बोट धरून मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच. डावीकडे, टाकीच्या काळ्या आकृतीच्या वर, चार बोटं वर, एक तारा होता. एकटा. फारसा तेजस्वीही नाही. मी म्हटलं, "मामा, आहे. पण एवढासाच आहे."

"दाखव."

मी दाखवला. तू बघितलास. बराच वेळ बघत राहिलास. सव्वीस वर्षांत तूही त्याला पहिल्यांदाच बघत होतास रे! मग नाक ओढून म्हणालास, "काठी आण. ह्या खेपेला नीट तपासू." कुणी खाली गेलं नाही, मामा. तासभर शंभर माणसं त्या थंडीत गोधड्या गुंडाळून बसली, एका ताऱ्याची परीक्षा बघायला. एकेकानं काठीच्या टोकावर डोळा लावला. बाज वर चढली, तिकांडे सरकले, गोदामामागून एक चोर डोकावला. तो एकटा तारा मात्र जागचा हलला नाही. परबकाकांनी तीनदा तपासलं आणि म्हणाले, "हां. हा पक्का." दोन दिवस दारात बसलेल्या त्या बाईनं सगळ्यात शेवटी डोळा लावला. नंतरही ती काठी धरून उभी राहिली. तिचा मुलगा दोन दिवसांनी आला, डोक्याला पट्टी बांधून. त्याचा ताऱ्यांशी काही संबंध नव्हता, पण आजी मरेपर्यंत संबंध लावत होती.

त्या रात्रीपासून मला गच्ची कुणी बंद केली नाही. तूही बदललास. नाव आधी सांगायचं नाही, आठ दिवस नुसतं बघायचं, असा नवा कायदा काढलास. विचारलेलं माहीत नसलं तर "माहीत नाही, बघू या" म्हणायला लागलास, आणि आम्हाला ते फार आवडायचं. संचारबंदी उठल्यावर पहिल्या सुट्टीला आम्हाला वरळी कोळीवाड्यात घेऊन गेलास, तिथल्या होडीवरच्या तांडेलाला ध्रुवाबद्दल विचारायला. तो म्हातारा जाळं सांधत बसला होता. तू त्याला सगळं सांगितलंस, बत्तीसकट, काही न लपवता. तो म्हणाला, "आरं, त्यात लाजायचं काय? मी जवान असताना आगबोटीच्या दिव्याला शुक्र समजून निम्मी रात होडी हाकली हाय." तू इतका हसलास, की सुकत घातलेल्या बोंबलांवर पडता पडता वाचलास. मी हसले नाही. तुझी चूक तू गावभर सांगत होतास आणि माझी माझ्या पोटात होती.

पुढे मी शाळेत शिकवायला लागले आणि आपलं भांडण सुरू झालं. मी म्हणायचे, पोरांना आधी नकाशा द्यावा, नाहीतर ती बत्तीला ध्रुव म्हणतील. तू म्हणायचास, नकाशा दिला की पोरं नकाशाच बघतात. वरळीला तारांगण झालं तेव्हा मी हौसेनं तिकीट काढून तुला आणि मामीला नेलं. बाहेर आल्यावर विचारलं, कसं वाटलं? म्हणालास, "झोप छान लागली. मान दुखली नाही, डास चावला नाही, ह्याला काय आकाश म्हणायचं?" मी रागानं दोन महिने तुझ्याशी बोलले नव्हते. ते भांडण अजून मिटलेलं नाही. तू अर्धं बरोबर होतास, एवढं मी आज कबूल करते, ह्याहून जास्त नाही.

काल सगळे गेल्यावर मी आणि मामी भांडी आवरत बसलो होतो. मला राहवलं नाही. म्हटलं, "मामी, तो टाकीवरचा दिवा आहे हे मला आधीपासून माहीत होतं. मी मामाला सांगितलं नाही. मुद्दाम सांगितलं नाही. माझ्यामुळे त्याचं हसं झालं."

मामी पातेलं पुसत होती. वर न बघता म्हणाली, "ह्यांना ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"तुला ठाऊक होतं, ते. लग्न झालं त्याच वर्षी सांगितलंन मला. म्हणाले, रोज डबा घेऊन त्या टाकीखालनं जाणारी पोर ती, आणि तिची नजर तर अशी. तिला दिसलं नसेल होय? मी म्हटलं, मग तिला विचारत का नाही, का नाही सांगितलंस म्हणून? तर म्हणाले, काय विचारू? अक्कानं तिला जिन्यातनं मागं फिरवली तेव्हा मी काय तोंड उघडलं होतं? पहिला गप्प मी बसलो. ती माझ्यानंतर."

मी हातातली वाटी खाली ठेवली. मामी म्हणाली, "कितीदा म्हटलं ह्यांना, एकदा बोला तिच्याशी. तर म्हणायचे, ती चिडेल. घाबरायचे हो तुला."

मला! अरे, मला घाबरायचास? शंभर माणसांसमोर "चुकलो" म्हणणारा तू, एका भाचीला तेच म्हणायला पन्नास वर्षं घाबरलास? आणि मी तुझ्या दारात दर दिवाळीला तेच पोटात घेऊन बसायचे. दोघंही करंज्या खात बसलो, गाढवासारखे. मामा, त्या रात्री तू मला वर बोलावलंस तेव्हा मला वाटलं होतं तुला माझी नजर हवी होती. तू माझी माफी मागत होतास, आणि ते मला काल, तुझ्या बाराव्याला कळलं.